स्वस्तातलं खोकं

लालबागच्या शामराव परबांचा कुणावर विश्वास बसणं म्हणजे महाकठीण काम. स्वतःच्या लग्नाची जुनी व्हिडिओ कॅसेट कॉम्प्युटरवर उतरवून घ्यायची ठरली, तेव्हा दादरच्या एका दुकानाच्या पायरीवरूनच ते माघारी फिरले. कॅसेट ठेवून जा, आठवड्याने या, असं दुकानदार म्हणाला आणि शामरावांच्या डोक्यात किडा वळवळला. हा माणूस आपल्या हातात दुसऱ्याच कुणाचं लग्न ठेवणार नाही कशावरून?

मग सून नूपुर म्हणाली, घरीच करू. जुना व्हीसीआर कॉटन ग्रीनला त्यांच्या धाकट्या भावाच्या, रामदासच्या माळ्यावर पडून होता. राहिलं व्हीसीआर लॅपटॉपला जोडणारं यंत्र. महागातलं बघितलं की शामरावांना कंपनी लुबाडतेय असं वाटे आणि स्वस्तातलं बघितलं की माल चोरीचा वाटे. शेवटी कंटाळून नूपुरने काडेपेटीएवढं, सगळ्यात स्वस्त यंत्र मागवलं. एवढ्याशा खोक्यात अख्खं लग्न कसं मावणार, हे त्यांना कळेना. सून काटकसर करतेय की म्हाताऱ्याची बोळवण, हेही कळेना.

खरं तर त्यांना लग्न नकोच होतं, दुर्गाचा आवाज हवा होता. बायको गेली तेव्हा घरात मोबाईल नव्हता. फोटो भिंतीवर होता, पण तिचा आवाज हल्ली आठवेनासा झाला होता. हे त्यांनी मुलालाही सांगितलं नव्हतं, लाज वाटायची. कॅसेटमध्ये तिने उंबरठ्यावर नाव घेतलं होतं, एवढं मात्र त्यांना पक्कं ठाऊक होतं.

रविवारी कॅसेट लावली. चित्र झकास आलं. दुर्गा उंबरठ्याशी थांबली, लाजली, तिचे ओठ हलले आणि सनई वाजली. नुसती सनई.

शामराव भडकले. आवाजाच्या लाल-पांढऱ्या वायरी त्यांनी उपसून परत खोचल्या. पुन्हा सनईच. नूपुरने समजावलं की त्या काळी शूटिंगवाले कॅसेट सजवायला मूळ बोलणं पुसून वर सनई नाहीतर गाणी घालायचे. शामरावांना ते पटेना. स्वतः मागवलेल्या खोक्याची बाजू ती घेणारच.

"माणसाचा आवाज ह्याच्यातून येतच नाय," ते म्हणाले. "आत्ता सिद्ध करून दाखवतो, मग परत पाठव."

पुराव्यासाठी त्यांनी व्हीसीआरबरोबर आलेली रामदासच्या लग्नाची कॅसेट घातली. रामदास पहिल्यापासून आळशी. त्याने ती शूटिंगवाल्याकडून तशीच कच्ची उचलून आणली होती, हे शामरावांच्या गावीही नव्हतं.

पडद्यावर पोरं रडली, भांडी पडली, कुणीतरी जिन्यातून चहा मागितला. सगळं स्पष्ट ऐकू आलं. खोकं निर्दोष निघालं म्हणून शामरावांचं तोंड पडलं. तेवढ्यात दारात बायकांनी नव्या नवरीला अडवलं आणि मोठ्या जावेला पुढे ढकललं. मान मोठीचा, आधी तिने नाव घ्यायचं. हातात ओवाळणीचं ताट घेऊन दुर्गा वळली. आवाज त्यांना वाटत होता त्यापेक्षा जाडसर होता, थोडी सर्दीही झालेली.

"आंबा घेतात हुंगून, नारळ घेतात वाजवून, शामरावांनी मला तेवढी आणली न तपासून."

बायका खो-खो हसल्या. मागे उभे असलेले तरुण शामरावही हसत होते. इकडे खुर्चीतल्या शामरावांच्या गालांवरून पाणी वाहत होतं आणि ते पुसायचंही त्यांना सुचलं नाही.

"परत लाव," ते म्हणाले.

सासऱ्यांना अजून खोट काढायची आहे, असं नूपुरला वाटलं. रेकॉर्डिंग नीट झालंय, पुन्हा तपासायला नको, असं ती हळूच म्हणाली.

"तपासायला नाय गो," शामराव म्हणाले. "ऐकायला."