तुलनेची शाळा

लिमाच्या विद्यापीठातून आलेल्या ओफेलिया तिरादो मॅडमनी माझ्याच टोपीत दोन शाळांच्या नावांच्या चिठ्ठ्या टाकल्या. नदीपलीकडच्या शाळेला वाचनाची नवी पद्धत मिळाली, आमच्या वाट्याला तुलना आली. म्हणजे आमच्याकडे काहीही बदलायचं नाही, आणि पलीकडच्यांची प्रगती आमच्याशी ताडून बघायची. मला हसू आलं. आमच्या डोंगरात सरकार वर्षानुवर्षं हेच करतंय, त्याला कोणी डॉक्टरेट देत नाही.

मॅडमची अडचण मात्र खरी होती. त्यांच्या अर्थशास्त्र विभागात सगळे नाक मुरडायचे. मुलं कशी शिकतात हा विषय अंगणापलीकडच्या शिक्षणशास्त्राच्या इमारतीत न्या म्हणायचे. अर्थशास्त्रातच राहायचं तर तुलनेची शाळा हवी, आणि तिला कशाचाही स्पर्श होता कामा नये.

मला आधी शंका आली ती बुटांवरून. बटाट्याची काढणी झाली, पुन्हा लावणी झाली, तरी एकाही आईने बूट घट्ट होतात म्हणून कुरकुर केली नाही. कोणाचे केस कापायची वेळच येईना. मी नवा धडा शिकवला, की दुसऱ्या दिवशी पोरांना तो आठवतच नसे. जुनाच धडा ती पहिल्यासारख्या आनंदाने वाचत. आया एकमेकींकडे बघत, छातीवर क्रूस काढत आणि विषय बदलत.

माझी लेक योवाना त्याच वर्गात. चिठ्ठ्या टाकल्या त्या दिवशी तिचा पुढचा दात हलत होता. रात्री पडका दात नेऊन नाणं ठेवणाऱ्या उंदरासाठी तिने उशीखाली जागा करून ठेवली होती. वर्ष उलटलं तरी दात हलतच होता. मी मनातून पार हादरले होते.

मॅडम परत आल्या त्या खुशीतच. इतकी स्वच्छ तुलना कोणाच्या नशिबात नसते, म्हणाल्या. मी योवानाला बोलावलं आणि मॅडमचं बोट तिच्या दातावर ठेवलं. त्यांनी मोबाइलमधला पहिल्या दिवशीचा फोटो उघडला, तिच्याकडे पाहिलं, पुन्हा फोटोकडे पाहिलं. त्यांचं तोंड उतरलं.

"आता संपलं म्हणा," मी म्हणाले. "न्या तो अभ्यास त्या दुसऱ्या इमारतीत. तिथे तुलना लागत नाही ना?"

"तिथे गेले तर विभागातली माझी जागा जाईल, बाई."

विभागाने अट वाढवली होती. मुलं किती शिकली एवढ्याने भागत नाही. मोठेपणी ती किती कमावतात ते दाखवाल, तर ते अर्थशास्त्र. तोवर तुलना चालू ठेवायची.

"मोठेपणी?" मी विचारलं. "यांतलं कोण मोठं होणार आहे?"

त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. विभागाशी बोलते, म्हणाल्या. पुढ्यातलं सूप तसंच टाकून त्या गाडीत बसल्या.

पुढच्या काढणीला फोन आला. विभागाने त्यांना कायम केलं होतं. आनंद सांगून झाल्यावर त्यांनी हळूच विचारलं, "योवाना कशी आहे?" मी फोन ठेवला.

आता त्या विभागप्रमुख आहेत म्हणे. पलीकडच्या पोरांना पोरं झाली. योवाना अजून रोज जिभेने दात ढकलते आणि विचारते, "आई, उद्या पडेल ना गं?" मी हो म्हणते.

परवा जेवताना माझाच पुढचा दात पडला. योवानाने तो धुतला, आणि उंदरासाठी आपल्या उशीखाली ठेवला.