गॅलरीवरचा कोलू

मी कोल्हापूरची. आमच्याकडं पोर चालायच्या आधी लाथ मारायला शिकतं, आणि पेठेची फुटबॉलची मॅच असली की घरातली म्हातारीसुद्धा पंचाच्या सात पिढ्या उद्धरते. अशा बाईला तुम्ही चेन्नईत आणून टाकलंत तर ती काय करणार?

उमाकांतची, म्हणजे आमच्या ह्यांची, बँकेतून चेन्नईतल्या अंबत्तूरला बदली झाली. हे सकाळी डबा घेऊन जायचे, आणि घरात मी आणि भिंती. भाजीवाल्यापुढं कांद्याकडं बोट दाखवायचं, दूधवाल्यापुढं बोटं मोजून दाखवायची. खोटं कशाला बोलू, न्हाणीत नळ सोडून रडायचे मी. मग एका रविवारी शेजारची त्रिपुरसुंदरी मला हाताला धरून फोर्जच्या मैदानावर घेऊन गेली. तिचा नवरा फोर्जिंगच्या, म्हणजे तापलेलं लोखंड ठोकायच्या कारखान्यात, आणि कारखान्याची टीम म्हणजे अंबत्तूर फोर्ज. निळा शर्ट, एका बाजूला सिमेंटच्या पायऱ्यांची गॅलरी, आणि गॅलरीत घामानं भिजलेली हजारभर माणसं. निळ्या शर्टातल्या एका पोरानं बॉल बारवरून मारला आणि मी कपाळावर हात मारून ओरडले, "अरे, डोळं फुटलं का रे तुझं!" आसपासच्या चारपाच जणांनी वळून पाहिलं, आणि एका म्हाताऱ्या अण्णानं आपल्या पुडीतले शेंगदाणे माझ्यापुढं धरले. त्या दिवशी मला चेन्नई आवडली.

डाव्या टोकाला, चौथ्या पायरीवर, त्रिपुरसुंदरीच्या शेजारी. एवढ्या मोठ्या शहरात माझी म्हणावी अशी तेवढीच जागा.

आणि तीच प्रतापसिंह मोडायला निघाला.

प्रतापसिंह म्हणजे मालक. कारखाना आणि टीम त्याच्या बापानं उभी केली. बाप असेपर्यंत गॅलरीत लोकांबरोबर बसायचा म्हणे. बाप गेला, गेटाशी त्याचा हार घातलेला फोटो लागला, आणि पोरगा एसी गाडीतून यायला लागला. दोन हजार सहा साल होतं, अंबत्तूरला जिकडंतिकडं काचेच्या कंपन्या उगवत होत्या. ह्यालाही ती हौस आली. गॅलरी पाडायची, मैदानावर काचेची बिल्डिंग उठवायची आणि टीम न्यायची शहराबाहेर, जिथं बसही जात नाही. मुहूर्त धरला विजयादशमीचा.

लोक पिसाळले. सांगायची सोय नाही इतके पिसाळले. मॅचभर मैदानाकडं पाठ करून बसले, काळे झेंडे लावले, गाडी अडवली. मी तर मराठीत जे तोंड सोडलं ते सोडलंच. इथं कुणाला कळतंय, म्हणून जरा जास्तच सोडलं. साहेब काच खाली न करता निघून गेले. पालथ्या घड्यावर पाणी.

एक गोष्ट मात्र सगळ्यांना माहीत होती. जागा होती त्याच्या आईच्या नावावर. आईनं नाही म्हटलं तर वीटही हलत नव्हती. पण ती नुंगंबाक्कमच्या बंगल्यात असायची, आणि आमची माणसं दोनदा भेटायला गेली तर वॉचमननं फाटकातूनच परत लावली.

नवरात्र तोंडावर आलं तशी त्रिपुरसुंदरी तिच्या मोडक्या हिंदीत म्हणाली, "कोलू मांडायचा, विद्या. गॅलरीवर."

कोलू म्हणजे इकडचा नवरात्रातला बाहुल्यांचा थाट. घरोघर पायऱ्या रचतात, त्यांवर देव, राजेराण्या, वाणी, लग्नाची वरात, सगळं मांडतात. बायका बायकांना बोलावतात, आलेलीनं गाणं म्हणायचं, जाताना विडा आणि खोबरं घातलेली हरभऱ्याची उसळ घेऊन जायचं. दसऱ्याच्या संध्याकाळी एक बाहुली आडवी निजवायची. ती निजली की कोलू संपला. ती निजेपर्यंत पायरीला हात लावायचा नाही.

"अगं, पायऱ्या तर आयत्याच आहेत," ती म्हणाली. "आणि कोलूचं बोलावणं वॉचमन अडवत नसतो. सुनेच्या नावानं आत शिरायचं आणि सासूला गाठायचं."

काय डोकं बाईचं! मोजल्या तर पायऱ्या सम निघाल्या, कोलूला विषम लागतात, म्हणून खाली एक बाक टाकलं. घराघरातून बाहुल्या आल्या. रिक्षावाल्यांच्या बायकांनी आणल्या, मैदानाच्या वॉचमनच्या बायकोनंही आणली. प्रतापसिंहला कळलं तेव्हा तो हसला म्हणे. खेळू द्या बायकांना बाहुल्या, दसऱ्याला आवरतीलच.

मग आम्ही दोघी कुंकवाचा करंडा घेऊन नुंगंबाक्कमला गेलो. आणि तो वॉचमन! कोलूचं आमंत्रण म्हटलं, करंडा दाखवला, तरी ढिम्म. उन्हात उभं करून ठेवलं. माझी सटकलीच.

"मुडदा बशिवला तुझा!" मी फाटक दोन्ही हातांनी हलवलं. "गेट उघड की! का तुझ्या मालकासारखंच तुझंबी काळीज काचेचं हाय?"

व्हरांड्यातून आवाज आला. "कोण गे ती मराठी बोलत्ये?"

मी गार. पांढऱ्या लुगड्यातली एक लहानखुरी म्हातारी खांबाला धरून उभी होती. हीच प्रतापसिंहची आई, सईबाई. तंजावरच्या मराठी घराण्यातली, आणि तिचा लेकही मराठीच! म्हणजे वर्षभर मी गॅलरीतून जे काही ओवाळलं होतं ते त्या पठ्ठ्याला अक्षर न् अक्षर कळत होतं. धरणी माते, पोटात घे.

"मुडदा बशिवला म्हणजे काय गे?" जवळ येऊन तिनं विचारलं. "आमच्यात हे नाही."

"आशीर्वाद असतो एक प्रकारचा, कोल्हापूरकडचा," मी म्हटलं. तिचे डोळे बारीक झाले. काय करावं सुचेना, म्हणून मी घाईघाईनं करंडा उघडला, बोट बुडवलं आणि "कोलूला या" म्हणत तिच्या कपाळाला कुंकू टेकवलं.

त्रिपुरसुंदरीनं "अय्यय्यो" करून तोंडावर हात ठेवला. तेव्हा माझ्या लक्षात आलं. गेटावरचा हार घातलेला फोटो रोज बघत होते की मी! पण माझा हात नेहमी डोक्याच्या आधी चालतो. एका विधवेला मी कुंकू लावून कोलूला बोलावलं होतं.

सईबाईंनी कपाळाला हात लावला. बोटाला लागलेलं लाल त्या बघत राहिल्या, पुसलं नाही.

"त्यांच्या मागं मज कोणी बोलावलं नाही," त्या म्हणाल्या. "लेकाच्या घरी कोलू बसतो तर मी आतल्या खोलीत बसत्ये. बायका येतात, गातात, मी भिंतीपलीकडून ऐकत्ये." मग माझ्याकडं बघून म्हणाल्या, "येईन मी. उद्याच येईन."

मला इतकं भरून आलं की मी त्या वॉचमनच्याही पाया पडले असते.

त्या आल्या. येताना माहेरची एक जुनी बाहुली घेऊन आल्या. तंजावरची राणी, लाल-हिरवी, बूड गोल आणि जड. चौथ्या पायरीवर, माझ्या जागेशीच ठेवली. माझ्या पदराचा धक्का लागला आणि मी किंचाळले, पण राणी डुलली, डुलली आणि सरळ झाली. सईबाई पोट धरून हसल्या.

पहिल्या दिवशी आमच्यातल्या काही जणी बिचकल्या. दोघी तर विडा न घेताच निघाल्या. त्रिपुरसुंदरीनं त्यांना गेटात गाठलं, काय बोलली देवाला ठाऊक, पण दोघी परत आल्या आणि सईबाईंच्या शेजारी बसल्या. मग सईबाई रोज यायला लागल्या. संध्याकाळी पायरीवर बसून उसळ खायच्या, पोरांची प्रॅक्टिस बघायच्या, ऑफसाइड म्हणजे काय ते मला दहादा विचारायच्या. नवरा ज्या पायरीवर आयुष्यभर बसला ती त्यांनी कधी बघितली नव्हती. मालकाच्या घरच्या बायकांनी यायचं नाही अशी रीत. "इतकं चांगलं असतं होय हे," त्या म्हणायच्या.

जागेबद्दल मात्र शब्द नाही. मी दोनदा विषय काढला, दोनदा त्यांनी विडा माझ्या तोंडात कोंबला. लेकाला शब्द देऊन बसलेली असणार, तिला तरी किती ओढायचं? दसऱ्याच्या सकाळी मी ह्यांना म्हटलं, संपलं, आता बदली मागून घ्या कोल्हापूरला. ह्यांनी नुसता माझ्या डोक्यावर हात ठेवला.

संध्याकाळी अख्खं अंबत्तूर मैदानात लोटलं. जेसीबी येऊन उभा होता, आदल्या दिवशीच्या आयुधपूजेचा झेंडू आणि चंदन अजून अंगावर. प्रतापसिंह गाडीतून उतरला. हात जोडून म्हणाला, कोलू छान झाला, आता बाहुल्या निजवा आणि उचला, मुहूर्त टळतोय.

कोलू सगळ्यांचा, म्हणून प्रत्येकीची बाहुली निजवायची होती. एकेका बाईनं आपली आडवी केली. कोण डोळे पुसत होती, कोण जेसीबीकडं बघून बोटं मोडत होती. पायरी पायरी निजत गेली. शेवटी चौथ्या पायरीवर एकटी राणी उभी राहिली.

"अम्मा," प्रतापसिंह म्हणाला, "तुमची राहिली."

सईबाई जागच्या हलल्या नाहीत. "तू निजव."

तो पायऱ्या चढला, वाकला आणि राणीला आडवी केली. हात काढला. राणी डुलली, डुलली आणि उभी राहिली.

गॅलरीतून "ओऽऽ" असा आवाज आला, बॉल पोस्टला लागून परत आल्यावर येतो तसा. त्यानं पुन्हा निजवली. पुन्हा उभी. तिसऱ्यांदा त्यानं जरा दाबून धरली. सगळं मैदान टाचा उंचावून बघायला लागलं. हात सुटला, आणि राणी झोकात उठून सरळ! गोल झाल्यावर उठतो तसा कल्लोळ उठला. माझा आवाज तर तिथंच बसला.

"अम्मा, ही बाहुली निजतच नाही," तो कानकोंडा होऊन म्हणाला.

"मज ठाऊक आहे," सईबाई म्हणाल्या. "तीच आणली."

त्या उठल्या, कपाळावर आम्ही संध्याकाळी लावलेलं ताजं कुंकू. "तुझ्या घरात मज भिंतीपलीकडं बसवलंस, मी बसल्ये. ह्या बायकांनी मज कुंकू लावून पुढं बसवलं. तुझे अप्पा इथं का बसत ते मज आत्ता कळलं. ही जागा माझी. राणी निजेल त्या दिवशी पाड."

प्रतापसिंहनं राणीकडं बघितलं. मग तिथंच, बापाच्या गॅलरीत, सिमेंटच्या पायरीवर मटकन बसला. "तुम्ही भिंतीपलीकडं बसता हे घरात मला कुणी सांगितलंच नाही, अम्मा," म्हणाला.

"विचारलंस कधी?"

त्यानं जेसीबीच्या ड्रायव्हरला हातानंच खूण केली. जेसीबी फिरला आणि झेंडूच्या माळेसकट गेटाबाहेर पडला. त्यापुढं काय झालं ते मला नीट सांगता येणार नाही. ढोल वाजत होते, त्रिपुरसुंदरी माझ्या गळ्यात पडली होती, आणि आमचे हे, जन्मात कधी मोठ्यानं न बोललेले, बाकावर चढून शिट्ट्या मारत होते. मी घरून आणलेली आपट्याची पानं सईबाईंच्या हातात दिली, सोनं घ्या म्हटलं. त्यांनी त्यातलं एक पान लेकाच्या खिशात खोचलं.

पुढच्या रविवारी मॅच होती. सईबाई आल्या, निळं लुगडं नेसून. सरळ चौथ्या पायरीवर चढल्या आणि माझ्यापुढं उभ्या राहिल्या. "सर की," म्हणाल्या. मी सरकले. खाली पहिल्या पायरीवर प्रतापसिंह लोकांत बसला होता.

दुसऱ्या हाफला आमच्या पोराला बॉक्समध्ये धडधडीत पाडलं आणि पंचानं हात हलवून खेळ चालू ठेवला. मी तोंड उघडायच्या आत शेजारून तंजावरी हेलात, खणखणीत आवाज आला.

"मुडदा बशिवला तुझा!"

प्रतापसिंहनं दचकून मागं पाहिलं. आणि मग अख्ख्या गॅलरीनं, अर्थ न विचारता, तेच एका सुरात पंचाला ऐकवलं.