'सादर करा'

माणसं संगणक कशी वापरतात आणि त्यात संस्कृतीचा हात किती, या विषयावरच्या प्रबंधासाठी आपल्या महाशयांनी तीन वर्षं घासली. बायको म्हणायची, "आधी घरातलं वॉशिंग मशीन चालवून दाखवा, मग जगाचं बघा." पण घर की मुर्गी दाल बराबर, तिचं कोण ऐकतं! महाशय जाऊन बसले एका रुग्णालयाच्या नोंदणी विभागात.

तिथे त्यांना घबाडच सापडलं. नोंदणीवाल्या ताई पेशंटची माहिती पटापट भरायच्या, पण शेवटी 'सादर करा' हे बटण आलं की हात मांडीवर. मग पलीकडच्या टेबलावरच्या मोठ्या बाईंना हाक मारायची. बाई उठून येणार, स्क्रीन बघणार, मान हलवणार, तेव्हा कुठे बटण दाबलं जाणार. दिवसातून साठ वेळा!

"सिस्टिम बाईंची परवानगी मागते का?" महाशयांनी विचारलं.

"छे हो. पण चुकलं तर दोघी असतो ना," ताई म्हणाल्या.

महाशयांनी ते वाक्य वहीत उतरवलं आणि त्याखाली लिहिलं, 'अधिकाराची भीती.' काय ती अक्कल! प्रबंधाचं अख्खं चौथं प्रकरण या भीतीवर उभं राहिलं.

प्रबंध भरायचा शेवटचा दिवस उजाडला. विद्यापीठाचं पोर्टल पाचला बंद होणार होतं. हुकलं तर पुढची संधी वर्षानं, आणि कॉलेजातली नोकरी तर पदवीवाचून अडलेली. चार वाजता फाइल चढली, 'सादर करा' समोर आलं, आणि महाशय उघडा लॅपटॉप दोन्ही हातांत धरून मार्गदर्शक सरांच्या खोलीकडे निघाले. सरांना न विचारता बटण दाबायचं? शोभतं का ते?

सर मीटिंगमध्ये होते. दार ठोठावायची हिंमत नाही, फोन करणं बरं दिसत नाही. महाशय बाहेरच्या बाकावर बसून राहिले. पावणेपाचला शिपाई म्हणाला, "दाबून टाका की साहेब." बोट बटणापर्यंत गेलं आणि मुकाट परत आलं. पाच वाजले.

दहा मिनिटांनी सर बाहेर आले. "अरे, दाबायचं ना मग! मला कशाला विचारायचं?" म्हणाले आणि घड्याळ बघत निघून गेले.

बायकोला सांगायची छाती होईना, म्हणून महाशयांनी ताईंना फोन लावला. स्वतःची टर उडवत, हसत हसत सगळं सांगितलं. "चाळीस जणांचा अभ्यास केला ताई, आणि एक्केचाळिसावा नमुना मीच निघालो!"

ताई हसल्या नाहीत. "आमच्या बाई उठून येतात हो स्क्रीन बघायला. तुमचे सर आले का?"

"नाही."

"अगं बाई! म्हणजे चुकलं तेव्हा तुम्ही एकटेच होतात."

तेवढ्यात फोनमध्ये मागून मोठ्या बाईंचा आवाज आला, "कोण गं? प्रोफेसर का? काय झालं त्यांना? थांब, आलेच मी."