एक तास मागे

गिझलानने परवलीचा शब्द तिसऱ्यांदा टाइप केला, या वेळी एकेक अक्षर बघून, आणि फोनवर आलेले सहा आकडे त्याखाली भरले. बंदरातली यंत्रं एकमेकांना जोडणाऱ्या स्विचने क्षणभर वेळ घेतला आणि पुन्हा तेच उत्तर दिलं: प्रवेश नाही.

"त्याचाही रोजा दिसतोय," शिडी धरून उभा असलेला झुहैर म्हणाला. "काहीच आत घेत नाहीये."

"तू तोंड बंद ठेवलंस तर तुझाही नीट पार पडेल."

मोरोक्कोतल्या साफी बंदराच्या लिलावघरात रमजानचा पहिला दिवस होता. सार्डिनच्या लिलावासाठी दोन नवे वजनकाटे आजपासून सुरू व्हायचे होते. त्यांच्या तारा झुहैरने सकाळीच स्विचपर्यंत आणून ठेवल्या होत्या. आता स्विचमध्ये शिरून त्या तारांच्या दोन जागा उघडायच्या, एवढंच काम उरलं होतं, आणि नेमकं तेच होत नव्हतं. दुपारची नमाज होऊन गेली होती. बोटी वाटेवर होत्या, आणि सार्डिन कुणासाठी थांबत नाहीत.

पूर्वी बंदरातल्या सगळ्या यंत्रांना मिळून एकच परवलीचा शब्द होता आणि तो चहावाल्यालाही ठाऊक होता असं म्हणत. आंधळं दळतं आणि कुत्रं पीठ खातं, असा तो कारभार. गिझलानने दोन वर्षं खपून तो मोडला. आता ज्याचं त्याचं नाव, ज्याचा त्याचा शब्द, वर फोनवरचे सहा आकडे, आणि हे सगळं एकाच सर्व्हरवर. कुणी कुठल्याही स्विचपाशी गेला की स्विच सर्व्हरला विचारतो, याला आत घेऊ का? सर्व्हर हो म्हणाला तरच आत. सर्व्हर कधी बंद पडला तर सोय म्हणून तिने एक अडीनडीचा शब्दही तिजोरीत ठेवला होता. आज तोही चालला नव्हता.

फोन वाजला. बंदराचे व्यवस्थापक सी मेक्की; तिकडे मानाने पुरुषाला सी आणि बाईला लल्ला म्हणतात.

"लल्ला गिझलान, काटे सुरू झाले?"

"अजून नाही, सी मेक्की. स्विच आत घेत नाहीये."

"तुम्हाला?"

"कुणालाच. सगळ्या बंदरात."

उपाशी माणसाला राग लवकर येतो, आणि सी मेक्कींना तर तो जेवल्यावरही येत असे.

"काल सर्व्हरच्या खोलीत कोण गेलं होतं?"

गिझलानने झुहैरकडे पाठ केली आणि आवाज खाली आणला. "झुहैरने एक तार बदलली. पण त्याचा याच्याशी..."

"त्याचं कंत्राट या महिन्यात संपतंय ना? नवं करायचं नाही."

"सी मेक्की, मला आधी बघू तरी द्या."

"बघा की. संध्याकाळी रोजा सोडायच्या, फ्तूरच्या आधी मला नाव कळवा. दुसरं नाव मिळालं तर ते, नाहीतर हे आहेच."

फोन बंद झाला. झुहैरने नुकतीच साफीच्या जुन्या शहरात, मदिनेत दोन खोल्यांची जागा घेतली होती, आणि ईदनंतर त्याच्या घरी पाळणा हलणार होता. ही बातमी त्याने बंदरातल्या मांजरांनासुद्धा सांगून झाली होती.

"काय म्हणाले?" त्याने विचारलं.

"रमजान मुबारक म्हणाले."

ती शिडीवरून उतरली, मासळीचा एक उलटा क्रेट ओढून त्यावर बसली आणि पहिल्यापासून एकेक गोष्ट तपासू लागली. स्विचपासून सर्व्हरपर्यंतची वाट ठीक होती. स्विच आणि सर्व्हर यांच्यात ठरलेली खूण जुळत होती. तिचं खातं चालू होतं. पलीकडच्या शीतगृहातल्या स्विचचंही हेच रडगाणं होतं. म्हणजे सर्व्हर जिवंत होता, ऐकत होता आणि उत्तरही देत होता. ती एकदम थांबली. उत्तर देत होता, हीच तर अडचण होती. दार ठोठावून कुणी ओ दिली नाही तरच मागच्या दाराने घ्या, असं तिने यंत्रांना बजावलं होतं. इथे घरधनी दारातच उभा राहून सगळ्यांना हाकलत होता, मग मागचं दार उघडणार कसं? हात दाखवून अवलक्षण ते यालाच म्हणायचं, तिच्या मनात आलं.

"झुहैर, पळ. सर्व्हरच्या मागे निळी तार आहे, ती काढ."

"मी?" झुहैरने शिडी सोडली. "लल्ला, आधीच सगळं बंद, आणि वर तारही मीच काढायची?"

"मी सांगतेय म्हणून काढ. फोन चालू ठेव."

थोड्या वेळाने फोनवर त्याचा धापा टाकणारा आवाज आला. "काढली. देव साक्षी आहे, तुम्ही सांगितलंत म्हणून काढली."

तिने पुन्हा दार ठोठावलं. स्विचने सर्व्हरला हाक मारली, वाट पाहिली, पुन्हा मारली. या वेळी ओ आली नाही. मग त्याने निमूटपणे अडीनडीचा शब्द मागून घेतला आणि तिला आत सोडलं. तिने दोन्ही जागा उघडल्या. काट्यांच्या पाट्यांवर हिरवी शून्यं उमटली, तेव्हा ती मोठ्याने "अल्हम्दुलिल्लाह" म्हणाली. बाहेर पहिल्या बोटीचा भोंगा वाजत होता.

लिलाव सुरू झाल्यावर ती सर्व्हरच्या खोलीत गेली. सर्व्हरचा स्वतःचा शब्द टाकून बसली आणि तो सगळ्यांना नाही का म्हणतोय ते शोधू लागली. फार शोधावं लागलं नाही. पडद्याच्या कोपऱ्यातली वेळ आणि दारावरच्या घड्याळातली वेळ अगदी बरोबर जुळत होती. पण सर्व्हरच्या पोटात एक दुसरी वेळ असते, सगळ्या जगाची मिळून एकच असलेली. ती एक तास मागे होती.

फोनवरचे सहा आकडे वेळेवरून बनतात आणि सर्व्हर आपल्या पोटातल्या वेळेवरून ते ताडून पाहतो. लोक आत्ताचे आकडे देत होते आणि सर्व्हर तासाभरापूर्वीचे शोधत होता. बिचारा प्रामाणिकपणे सगळ्यांना खोटं ठरवत होता.

हे कुणी केलं असेल, ते तिला लगेच कळलं. दरवर्षी रमजानच्या आधीच्या रविवारी सगळ्या मोरोक्कोची घड्याळं एक तास मागे जातात. बंदरातली मात्र सी बूअज्जांच्या सवडीने जात. ते मुख्य तंत्रज्ञ होते, पण हे काम त्यांनी कधी शिपायाला करू दिलं नव्हतं. स्टूल काखोटीला मारून ते एकेक इमारत घेत आणि भिंतीवरचं प्रत्येक घड्याळ स्वतःच्या हाताने मागे करत. आधी स्वतःचं मनगटावरचं बघत, मग बिस्मिल्ला म्हणून काटा फिरवत. यंदाची फेरी काल या खोलीत संपली असणार. सर्व्हरचा पडदा एक तास पुढे दिसत होता, कारण रमजान लागलाय हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. ते सांगायचं सोडून सी बूअज्जांनी त्याची पोटातलीच वेळ मागे ओढली. त्यांच्या लेखी तेही एक घड्याळच होतं.

आणि सर्व्हर बाहेरच्या वेळेशी जोडायचं काम गिझलानने ईदनंतर करू म्हणून ठेवून दिलं होतं. ते केलं असतं तर कुणी काहीही फिरवलं तरी बिघडलं नसतं.

तिने वेळ सरळ केली, निळी तार लावली आणि आपल्या नावाने आत जाऊन पाहिलं. दार उघडलं. मग ती खुर्चीतच बसून राहिली.

दोन वर्षांपूर्वी तिचे वडील रबातच्या इस्पितळात होते, तेव्हा सबंध हिवाळा तिच्या वाट्याच्या रात्रपाळ्या सी बूअज्जांनी केल्या होत्या. कुणाला सांगितलं नाही, हजेरी तिचीच लागू दिली. आभार मानायला गेली की म्हणायचे, म्हातारपणी झोप कुठे येते, तुझ्या कामात रात्र तरी जाते. वडिलांच्या उशाशी तिला बसता आलं ते केवळ या माणसामुळे, आणि हे ती एक दिवसही विसरली नव्हती. ईदनंतर ते निवृत्त होणार होते. आता त्यांचं नाव सी मेक्कींना सांगायचं? आणि नाही सांगितलं तर झुहैर जाणार. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, इथे तर दोघेही संन्यासीच होते.

तिने फोनवर लिहिलं, 'घड्याळात बिघाड झाला होता.' मग पुसून टाकलं. सी मेक्कींनी पुढचा प्रश्न तोच विचारला असता.

लिलावघराच्या मागच्या कार्यशाळेत सी बूअज्जा पत्र्याच्या डब्यातून स्क्रू निवडत बसले होते.

"सापडलं?"

"सापडलं. काटे चालू झालेत."

"ते ऐकू येतंय मला. भांडणं लागली म्हणजे काटे चालू आहेत. काय होतं?"

गिझलानने डब्यातला एक स्क्रू उचलला आणि परत टाकला.

"घड्याळ. सर्व्हरचं."

सी बूअज्जांनी चष्मा काढला आणि सदऱ्याच्या टोकाने पुसू लागले. काच केव्हाच स्वच्छ झाली तरी पुसत राहिले.

"एक तास?"

"हो."

"मागे."

तिने पुन्हा डब्यातला एक स्क्रू उचलला.

"मला वाटलं, तेवढं एकच राहिलंय," ते म्हणाले.

"चूक माझीही आहे, सी बूअज्जा. मी तो बाहेरच्या वेळेला जोडायला हवा होता. मी टाळलं."

"तुझी तू सांग. माझी मला सांगू दे." त्यांनी चष्मा घातला. "मेक्कीने नाव कुणाचं घेतलं?"

"तुम्हाला कुणी सांगितलं?"

"सांगायला कशाला हवं? इथे नळ जरी गळला तरी मेक्कीला आधी कंत्राटवाले दिसतात. झुहैर ना?"

तिने मान हलवली. त्यांनी फोन लावला आणि कमी ऐकू येतं म्हणून समोर बाकावर मोठ्या आवाजात ठेवला.

"सी मेक्की, बूअज्जा बोलतोय. काल सर्व्हरचं घड्याळ मी फिरवलं. सगळं अडलं ते त्यामुळे."

"तुम्ही?" पलीकडून हसण्याचा आवाज आला. "अहो, मग एवढं काय त्यात! पहिला रोजा, होतं असं. मीच उगाच डोक्यात राख घालून घेतली. काटे चालू आहेत ना? झालं तर. विषय संपला."

गिझलानचे खांदे सैल पडले. सी बूअज्जांचा चेहरा मात्र होता तसाच राहिला.

"संपला कसा? मघाशी एवढ्यासाठी एकाची नोकरी जात होती."

"ते तेव्हाचं झालं हो. तुम्ही एवढे जुने, आता ईदनंतर चाललात, कशाला मनाला लावून घेता?"

"चाललोय म्हणूनच बोलतोय. निरोपाला मला काहीतरी द्यालच. घड्याळच द्याल बहुतेक."

गिझलानने ओढणीचं टोक तोंडावर धरलं.

"ते देऊ नका," सी बूअज्जा म्हणाले. "माझी जागा रिकामी होतेय. तिथे झुहैरला घ्या. कायमचा."

पलीकडे खुर्ची करकरली.

"कायमचं माझ्या एकट्याच्या हातात नसतं," सी मेक्की शेवटी म्हणाले. "शिफारस करू शकतो."

"आज?"

"बरं, आज. फ्तूरच्या आधी पाठवतो. पण सी बूअज्जा, हे मघाचं त्याच्या कानावर..."

"नाही जाणार. त्याला कळून काय करायचंय?"

फोन बंद करून त्यांनी डबा पुन्हा पुढ्यात ओढला. गिझलान त्यांच्या समोर बसली.

"सी बूअज्जा, त्या हिवाळ्यात तुम्ही..."

"झालं का हिचं सुरू?"

"आज ऐकून घ्या. दर वेळी पळवून लावता."

आणि तिने सगळं सांगितलं, मागचं पुढे आणि पुढचं मागे करत. वडील शेवटच्या दिवसांत काय बोलले, ती शेजारी बसली होती म्हणून तिला ते कसं ऐकता आलं, आणि प्रत्येक नमाजेत ती सी बूअज्जांसाठी काय मागते. ते मान खाली घालून स्क्रू निवडत होते. मध्येच एक लांबडा स्क्रू त्यांनी आखुडांच्या ढिगात टाकला.

"ऐकलं," ती थांबल्यावर ते म्हणाले. "आता तो सर्व्हर मला नीट समजावून सांग. जायच्या आधी दुसरं काही मोडायचं नाहीये मला."

लिलाव आटोपेपर्यंत ऊन उतरलं. सी बूअज्जांच्या घरून हरीराचा, मसूर-टोमॅटोच्या सुपाचा, थर्मास आला होता. बाकावर वर्तमानपत्र पसरून गिझलानने वाट्या, खजूर, उकडलेली अंडी आणि मधात घोळवलेली शबाकियाची मिठाई मांडली. एवढ्यात झुहैर आला. हातात सार्डिनची पिशवी, आणि अंगालाही सार्डिनचाच वास.

"नव्या काट्यावरची पहिली! कोळ्यांनी खुशीने दिली," तो म्हणाला. "आणि लल्ला, ऐकलंत का? म्हणे कुणीतरी सर्व्हरचं घड्याळ मागे फिरवलं. कोण हो हा उंटावरचा शहाणा?"

"मी," सी बूअज्जा म्हणाले.

झुहैरने एकदा त्यांच्याकडे पाहिलं, एकदा गिझलानकडे, आणि त्याला हसू आवरेना.

"मग एवढं सूर्यालाही सांगा ना, सी बूअज्जा! त्याला एक तास पुढे ढकला, पोटात कावळे ओरडताहेत."

"बस आता. होईलच अझान."

तो त्यांच्या शेजारी बाकावर बसला आणि सार्डिनची पिशवी पायाशी ठेवली.

"तुमचं बरं आहे पण," तो हसतच म्हणाला. "तुम्ही काहीही करा, कुणी ब्र काढत नाही. हेच मी केलं असतं, तर उद्यापासून घरी बसलो असतो."

गिझलान वाटीत हरीरा ओतत होती. तिचा हात थांबला.

"खरं आहे," सी बूअज्जा म्हणाले, आणि खजुराची बशी त्यांनी आधी झुहैरपुढे सरकवली.