मास्तरांची पाचवी चिप

धुतलेल्या गोधड्या.

चिंचेने घासलेली समई.

एफएफ एफएफ एफएफ एफएफ.

नखात अडकलेला काळा डिंक.

"वहिनी, इकडं ये आधी!"

मनीषा ओरडली तशी तिची भावजय प्रेमला ओल्या हातानंच आली. टेबलावर मनीषाच्या वडलांचा, रायभान मास्तरांचा, जुना कॉम्प्युटर पोट उघडून पडला होता. आष्टीच्या शाळेनं मोडीत काढला तेव्हा मास्तरांनी तो घरी आणलेला. त्याच्या चिपा एकेक उपसून आतलं सगळं लॅपटॉपवर उतरवून घ्यायला मनीषा जालन्याहून आली होती. कंपनीच्या चार बिनकाचेच्या चिपा मुकाट उतरल्या. त्या काय, जगात कुणाकडंही मिळतील. पाचवी मास्तरांची, पाठीवर काचेची खिडकी असलेली. ठिपक्याला ठिपका जोडून त्यांनी बनवलेली मराठी अक्षरं फक्त तिच्यात होती.

ती कोरी निघाली. लॅपटॉपवर अक्षरांच्या जागी नुसतं एफएफ एफएफ.

"हिच्या काचेवरचा काळा कागद कुठंय?"

"काढला. चिकट झाल्ता. घट बसायचे होते, ताई, घरातली चिंधी न् चिंधी धुतली. ह्या कॉम्प्युटरला पाणी न्हाई लावलं, पुसून उघडंच पत्र्यावर ठिवलं. आठ दिवस बराबर ऊन दिलं."

"ऊन दिलं! त्या काचेतून ऊन गेलं की आतलं सगळं पुसतं. कागद त्यासाठीच होता!"

"मंग तसं लिहायचं त्याच्यावर! मला काय सपान पडतं? तुमी दर सणाला येऊन राह्यल्या, पुरणपोळ्या खाऊन चालल्या. तवा न्हाई उतरवलं?"

मनीषाच्या कानशिलात जाळ झाला. तेवढ्यात खाटेवरून मास्तर गरजले, "माह्या जल्माचं काम पुसलं हिनं! अडाणी कुठली!"

"दादा, तिला अडाणी म्हणू नका!" मनीषा त्यांच्यावरच उसळली. "दुसरी चिप का न्हाई केली? एवढं काम, न् एकच ठेवतं का कुणी?"

मास्तरांनी भिंतीकडं तोंड फिरवलं.

"परत वाच," म्हणाले.

तिनं लॅपटॉपला जोडलेल्या खोबणीत चिप परत बसवली, दात खाऊन बटण दाबलं. प्रेमलाही वाकून बघत होती, ओठ घट्ट आवळून. एफएफ एफएफ. वरपासून खालपर्यंत तेच. फाईलला नाव काय द्यायचं, असं लॅपटॉपनं विचारलं. मनीषानं तो खाडकन मिटला.

"काय आलं?" भिंतीकडूनच आवाज आला.

मनीषा चिप उपसायला लागली.

अक्षरं बनली त्याच वर्षी परतूरच्या शाळेतल्या भुजंग सरांनी त्यांची नक्कल मागायला स्वतःची कोरी चिप देऊन माणूस धाडला होता. रायभान मास्तरांनी त्याला चहा पाजून कोऱ्या चिपेसकट तसाच परत पाठवला.