तळहातावर उठलेली करणी

दूध सोसायटीच्या चारा छावणीत टँकर आला, तरी आज कुणी हंडा घेऊन धावलं नाही. सगळ्या बायका मुळीबाबाच्या मांडवाकडे लोटल्या होत्या. दुष्काळानं गुरं आणि माणसं एकाच माळावर आणली होती. आंघोळीला तांब्याभर पाणी, त्यात बायकांना सुटलेली नको त्या जागची खाज. सांगायची कुणाला? बाबा काहीच विचारत नाही, म्हणून तो फार मोठा!

"बोलू नका माय! माझ्या सोनमुळीला सगळं कळतं!" बाबा गरजायचा. पांढऱ्या फडक्यावर पिवळा लेप फासायचा, वर तीर्थ शिंपडायचा. फडकं लालभडक! "बघा, करणी रक्त ओकली!" मग लसणाचा लेप हातात आणि बाई वाटेला.

"भिवरामावशी, सरा की पुढं!" मागून कुणी ओरडलं. भिवराबाईनं सुनेला, मनकर्णाला, बाबासमोर बसवलं. तिचंही फडकं लाल झालं. बाबानं डोळे मिटले.

"करणारीण घरातलीच हाय. केस पिकलेली. नाव 'भ' वरनं!"

सुनेला औषध घ्यायला आलेली भिवराबाई चेटकीण होऊन परत निघाली.

दुपारी मनकर्णानं तिच्या हातचा चहा घेतला नाही. मुलगा सिदू मान खाली घालून म्हणाला, "आई, हिला माहेरी धाडतो. कावून उगं इषाची परीक्षा?"

भिवराबाईनं गार झालेला चहा परत भांड्यात ओतला. तिला लेक नव्हती. ती हौस मनकर्णानं फेडली होती. तीच पोर आता आपल्याला भिते! पण म्हातारी रडत बसणारी नव्हती. 'मी करणी केली न्हाई, हे मला तर पक्कं ठाऊक हाय,' ती स्वतःशी म्हणाली. 'मंग खोटं कोन?'

कालवणात हळद टाकून तिनं हात पदराला पुसला, तंबाखू काढली, डबीतला चुना बोटावर घेतला आणि मळायला लागली. तळहात लाल झाला. आजवर कितीदा झाला असेल. आज तिनं तो पाहिला.

"आत्ता गं बया!" म्हातारी एकटीच खुदकन हसली.

दुसऱ्या दिवशी ती तांब्या आणि कालवलेल्या हळदीची वाटी घेऊन मांडवात हजर. "बाबा, मान म्हनून उपरण्याला हळदीचं बोट लावते." बाबा फुगला. तिनं चांगला हातभर पट्टा ओढला आणि वर तांब्यातलं पाणी शिंपडलं. उपरणं लाल!

"अगं बाई! बाबा, तुमच्यावर कुनाची करणी वो? ती बी 'भ' वरनंच का?"

मांडव हसून हसून लोळला. बाबा ततपप करत म्हणाला, "हा... हा कळीयुगाचा, कळीचा प्रभाव!"

"कळीचाच, बाबा. कळीच्या चुन्याचा!" तिनं डबी उंच धरली. "ह्या तांब्यात चुन्याची निवळी हाय, चुना खाली बसल्यावर वर उरलेलं पानी. तुमचं तीर्थ बी हेच, अन् सोनमुळी म्हंजे आमच्या डब्यातली हळद!"

मांडव घालून देणारे सोसायटीचे चेअरमन राधाकिशनराव बाबाची खुर्ची उचलायला सगळ्यांत आधी धावले.

मनकर्णाला घेऊन भिवराबाई अंबाजोगाईच्या दवाखान्यात गेली. डॉक्टरीणबाईंनी तपासलं. "ही बुरशी. शिळ्या भाकरीवर येते तिच्या भावकीतली. औषधानं जाईल. पण त्या लसणानं कातडी भाजली आहे."

"मंग झाडपाला सगळाच खोटा का?" भिवराबाईनं विचारलं.

"झाडपाल्याशी माझं वैर नाही, आजी. पण दुखणं न तपासता दिलेलं औषध, मुळीचं असो की बाटलीतलं, अंदाजपंचेच. बरं, आतले कपडे वाळत कुठं घालता?"

मनकर्णा पुटपुटली, "लुगड्याखाली. बाप्ये बघतात ना."

"म्हणजे ओलेच अंगावर चढतात. बुरशीला आणखी काय हवं?"

परतल्यावर भिवराबाईनं छावणीच्या मधोमध दोरी बांधली आणि सुनेचे कपडे भर उन्हात पसरले.

"आई, लोक बघत्याल!" सिदू कळवळला.

"बघू दे बे! बाबापुढं रांग लावताना लाज न्हाई वाटली, अन् उन्हाची लाज?"

हळूहळू शेजारणींचे कपडेही त्या दोरीवर आले. बायाबापड्यांनो, कुणी लाल फडकं दाखवलं तर घाबरण्याआधी एवढंच विचारा: लाल झालं कशानं? घरातलं माणूस तोडण्याआधी तर नक्कीच विचारा.

मनकर्णा चुलीपाशी येऊन बसली. "आत्याबाई, चा टाका की."

"हात धुवून टाकते," म्हातारी म्हणाली. "न्हाईतर चहा बी लाल व्हायचा."