मनिषाची पात

परळीच्या पोरींनी सलग तीन डाव मनिषाला हातही लावला नाही, तेव्हा ती मनातल्या मनात खूश झाली. तिला सोडून शिरूरच्या बाकीच्या सगळ्या पोरींवर त्या धडाधड येऊन आदळत होत्या. मधल्या फळीतली मंगल तर दर डावाला उताणी पडत होती. मनिषा तेवढी डाव्या टोकाला जावयासारखी मोकळी उभी. तिला वाटलं, घाबरल्या आपल्याला! पोरगी हुशार खरी, पण समोरच्यानं आपल्याला मोकळं सोडलं ते मुद्दाम सोडलं असेल, हे काही तिच्या डोक्यात येईना.

हा फुटबॉल आपला नव्हे, अमेरिकेचा. चेंडू लांबट, तो बगलेत धरून समोरच्यांच्या शेवटच्या रेषेपलीकडे पळायचं, आणि पळणारीला समोरच्यांनी धरून पाडायचं; पाडलं की एक डाव संपला. डोक्यावर हेल्मेट, खांद्यावर पॅड. शिरूर कासारच्या कॉलेजात तो तानाजी सरांनी आणला. सर खेळ शिकवायचे आणि हा खेळ ते स्वतः मोबाईलवर बघून शिकले होते. पहिल्या दिवशी पारावरचे म्हातारे चेंडू हातात घेऊन म्हणाले, "सर, ह्यो आसा लांबट कावून? कुनी बसलं होतं का ह्याच्यावर?" सरांनी हसून चेंडू परत घेतला. चेष्टा करणाऱ्यांच्याच घरातून त्यांनी दोन वर्षांत अकरा पोरी जमवल्या, हे मात्र मानलं पाहिजे.

आज माजलगावच्या मैदानावर विद्यापीठाचा अंतिम सामना होता. जिंकणारा संघ डिसेंबरात पंजाबात खेळायला जाणार होता. पण मनिषाला पंजाबपेक्षा गुरुवार जवळचा होता. गुरुवारी ऊसतोडीचा ट्रक निघणार होता.

तोडीत कोयता म्हणजे नुसतं हत्यार नसतं. दोन माणसांची जोडी म्हणजे एक कोयता. मुकादम जोडी मागतो, एकटं माणूस त्याला परवडत नाही. मनिषाच्या वडिलांचा मणका दोन वर्षांपूर्वी गेला. तेव्हापासून आई भिवराबाईची जोडीदारीण मनिषाच. गेल्या हंगामात सहा महिने तिनं ऊस तोडला, वर्ग बुडाले, परीक्षा कशीबशी निघाली. या वर्षी तिनंच चुलीपाशी बसून आईला सांगून टाकलं होतं, "माय, जिंकले तर र्‍हाते. हारले तर गुरुवारी तुझ्यासंगं ट्रकात." आई भाकरी थापत होती, काही बोलली नाही. त्यांच्या घरात गप्प राहणं म्हणजे ठरलं असंच धरतात. आणि आता तीच आई मैदानाच्या दोरीपलीकडे, पदर डोक्यावर घेऊन, पाण्याची बाटली मांडीत धरून बसली होती.

चौथ्या डावाला मनिषाला राहवलं नाही. मंगलवर दोघी जणी चालून गेल्या होत्या आणि परळीची सत्यशीला चेंडू पोटाशी धरून नेमकी तिकडेच घुसत होती. मनिषा धावली. तिनं सत्यशीलाला कमरेत धरलं, खाली आपटलं आणि आनंदानं ओरडणार, तोच लक्षात आलं, हिच्या पोटाशी काहीच नाही.

चेंडू परळीच्या कप्तानाकडे होता. वर्षाराणी तिचं नाव. शेलाटी, सावळी, एवढ्या गदारोळात जराही घाई नसलेली. मनिषा जिथून धावली त्याच जागेतून ती पळत गेली होती, आणि पार शेवटच्या रेषेपलीकडे जाऊन चेंडू जमिनीवर ठेवून परतही फिरली होती. मनिषा जमिनीवर पडल्या पडल्या बघतच राहिली. गारुड्यानं चादरीखालून पोरगं नाहीसं करावं, तसा चेंडू तिच्या डोळ्यांदेखत गेला होता.

पुढच्या वेळी ती आपल्या जागी थांबली. तर चेंडू खरोखरच सत्यशीलाकडे गेला आणि तिनं मंगलला तुडवत आठ यार्ड काढले. थांबलं की मधून, धावलं की बाजूनं. असं सहा-सात वेळा झालं. एकदाही, एकदासुद्धा, वर्षाराणीचं चुकलं नाही.

मध्यंतरात सरांनी सगळ्यांना गोल बसवलं आणि मातीत चपला मांडल्या. "हे बघा," ते म्हणाले, "ती वर्षाराणी सत्यशीलाच्या पोटाला चेंडू लावती, पण सोडत न्हाई. तेवढ्या एका क्षणाला चेंडू दोघींचा आसतो. आन् त्या क्षणाला ती चेंडूकडं बघत न्हाई, सत्यशीलाकडं बघत न्हाई. मनिषा, ती तुज्याकडं बघती."

"माज्याकडं?"

"म्हणून तर तुला कुनी धरत न्हाई. तुला मोकळी सोडलीये तुजी चाल वाचायला. तुजं पाऊल आत पडलं की ती चेंडू काढून घेती. न्हाई पडलं की देऊन टाकती."

मनिषानं वळून परळीच्या पोरींकडे पाहिलं. तिच्या आयुष्यात तिच्याकडे एवढं लक्ष देऊन कुणी बघितलं नव्हतं. शाळेत मास्तरांनी नाही, मुकादमानं तर नाहीच. आणि ही परळीची पोरगी तिचं पाऊल पडायच्या आत ते कुठं पडणार हे ओळखत होती! राग यायला हवा होता, पण मनिषाला खरोखरच त्या पोरीच्या पाया पडावंसं वाटलं.

"मग तू आपली जागा सोडायचीच न्हाई," सर म्हणाले. "मधी काय बी होऊ दे. मधलं मधल्या बघतील."

सांगायला सोपं आहे. पण सरांचं बालपण फडावर गेलं नव्हतं, मनिषाचं गेलं होतं. उसाच्या फडात प्रत्येक कोयत्याला आपापली पात नेमून दिलेली असते, सरींचा एक ठरावीक पट्टा. ज्याची पात आधी संपते तो बांधावर जाऊन बसत नाही. तो शेजाऱ्याच्या पातीला दुसऱ्या टोकानं लागतो. कुणी सांगत नाही, कुणी आभार मानत नाही. शेजारीण वाकलेली असताना आपण रिकाम्या हातांनी उभं राहणं, याच्याइतकी लाजेची गोष्ट फडावर दुसरी नाही. हे मनिषाच्या हाडात मुरलेलं होतं. शिरूरच्या त्या अकरापैकी नऊ जणींच्या हाडात ते होतं, आणि म्हणूनच परळीचा हा एकच डाव त्यांना राहून राहून फसवत होता.

दुसऱ्या अर्ध्यात ती दात-ओठ खाऊन उभी राहिली. मंगल कण्हली तरी उभी राहिली. दोरीपलीकडून कुणीतरी ओरडलं, "ए सर, त्या कडंच्या पोरीला जागं करा की!" लोक हसले. मनिषाला वाटलं जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं. तेवढ्यात मंगल पुन्हा उताणी पडली आणि पाय ओढत उठली. पुढच्या डावाला मनिषाचं पाऊल आपोआप आत पडलं, आणि वर्षाराणी तिच्या शेजारून निघून गेली.

नशीब म्हणजे शिरूरच्या पोरी चेंडू घेऊन पळण्यात कच्च्या नव्हत्या. पळापळीत त्यांनी परळीला पुरून उरत शेवटाला चार गुणांची आघाडी ठेवली होती. पण आता घड्याळात सहा सेकंद उरले होते आणि चेंडू परळीकडे, शिरूरच्या रेषेपासून अवघ्या तीन यार्डांवर. एकच डाव. रेषा ओलांडली तर परळी, अडवलं तर शिरूर. सरांनी वेळ मागून घेतला.

मनिषा रडकुंडीला आली होती. "सर, मला उभंच र्‍हावत न्हाई. मंगलला मारत्यात आन् मी बगत बसू? माजं पाऊलच ऐकत न्हाई. माजी जागा बदला, हितं दुसरीला लावा."

सरांनी तोंड उघडायच्या आत बोलली ती ऋतुजा. ही मनिषाच्या मागं चार पावलांवर खेळायची. बुटकी, तोंडाळ, आणि तिचेही आई-बाप दर वर्षी तोडीला जाणारे.

"मग जा की तू," ऋतुजा म्हणाली. "तुला जायाचं हाय ना मंगलकडं? जा. तुजी पात मी धरते."

"आन् तुजी?"

"तू मधी येतीच हायस की. माजी तू धर."

तानाजी सर या पोरीकडे बघत राहिले. परळीच्या डावावरचा हाच उतारा त्यांनी मोबाईलवर कितीदा पाहिला होता. टोकाच्या खेळाडूनं आत घुसायचं आणि मागचीनं सरकून तिची जागा घ्यायची. पोरींना झेपणार नाही म्हणून त्यांनी तो कधी शिकवलाच नव्हता. आणि अमेरिकेतल्या मोठमोठ्या मास्तरांनी जे शोधून काढलं, ते ही शिरूरची पोरगी पाणी पिता पिता सांगून मोकळी झाली होती. सर म्हणाले, "एकदाच चालंल हे. दुसऱ्यांदा ती वाचंल."

"एकदाच पायजे," ऋतुजा म्हणाली.

सगळ्या जागेवर गेल्या. मनिषा टोकाला उभी राहिली. समोर, हेल्मेटच्या जाळीमागं, वर्षाराणीचे शांत डोळे तिच्यावर लागलेले होते. मनिषाला मागं वळून ऋतुजाकडे बघायचा फार मोह झाला. पण बघितलं तर तेही वाचलं जाईल. दिवसभर जी जागा सोडायची नाही म्हणून ती स्वतःशी भांडली होती, ती आता पाठीमागं न बघता, नुसत्या एका पोरीच्या शब्दावर सोडायची होती. गुरुवार, ट्रक, पुन्हा सहा महिने, सगळं त्या एका पावलात होतं.

चेंडू मागं आला. सत्यशीला पळाली, पोट आणि चेंडू एकमेकांना लागले, आणि मनिषा जीव खाऊन आत शिरली. तिनं सत्यशीलाला मिठी मारली, दोघी मंगलच्या अंगावर कोसळल्या. मनिषानं चाचपलं. पोट रिकामं. चेंडू नाही.

मग तिनं मान वर केली.

तिच्या जागेवर, जिथं आज दिवसभर वारं वाहत होतं, तिथं ऋतुजा होती. दोन्ही हातांनी वर्षाराणीच्या पायांना विळखा घालून ती रेषेच्या अलीकडे आडवी पडली होती, आणि चेंडू वर्षाराणीच्या बगलेतच होता. वर्षाराणी उताणी पडून आभाळाकडे बघत होती. मग ती उठून बसली, हेल्मेट काढलं आणि मनिषाकडे बघून चक्क हसली. "तुला बरूबर वाचलं होतं ग मी," ती म्हणाली. "ही कुठून उगवली?"

मनिषानं ऋतुजाला हात देऊन उठवलं. तिला रडू येत होतं. जिंकल्याचा आनंद होताच, पण त्याहून मोठं आश्चर्य होतं. आपण न बघता जागा सोडली आणि ती भरलेली होती. असं या जगात होतं, हे तिनं आज पहिल्यांदा पाहिलं.

नाचून, ओरडून, मंगलला खांद्यावर घेऊन, मग दोनदा खाली पाडून झाल्यावर ती दोरीपाशी गेली. भिवराबाईनं बाटली पुढं केली.

"माय, जिंकलो. आता गुरुवारी र्‍हाऊ ना मी?"

"र्‍हा की. शेजारच्या बायनाबाईला म्हनलंय मी. तिचा नवरा औंदा येत न्हाई. आमी दोघी मिळून एक कोयता. मुकादमाला बी सांगितलंय."

"कवा सांगितलंस?"

"झाले पंधरा दिस."

मनिषा बाटली तोंडाशी नेता नेता थांबली. पंधरा दिवसांपूर्वी हा सामना ठरलाही नव्हता. "आन् हारले आसते तर?"

"तरी बी बायनाच आली आसती."

"मग बोलली कावून न्हाईस? आपलं ठरलं होतं ना, हारले तर येनार म्हनून?"

"ठरलं कुटं होतं?" भिवराबाई पदर सारखा करत म्हणाली. "तूच बोललीस. मी भाकरी करत होते." ती उठली, गुडघ्यावर हात ठेवून कमर सरळ केली. "पंजाबात लई थंडी आसती म्हनं. माजी घोंगडी घेऊन जा तू."

डिसेंबरात फडावरच्या पाचटाच्या खोपटात काय थंडी असते, हे मनिषाला चांगलं माहीत होतं. नको म्हणायला तिनं तोंड उघडलं. आईनं तिच्याकडे पाहिलं, आणि मनिषानं ते मिटून घेतलं.